अरुंधतीचा वाटा

जोरहाट, ३ एप्रिल २०२३

स्नेहाची भंटी,

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणायचं ते आपलं मानानं. चार ओळींत 'सगळे खुशाल' असं तू दोनदा लिहिलंस, तेव्हाच ओळखलं की खुशाल कुणीच नाही. तिसऱ्या ओळीत 'गावातल्या डुकरांचं पोट बिघडलंय, कुणाला तरी गुपचूप विचारा' आणि चौथीत 'कुणाची डुकरं ते विचारू नका'. काकांची धाकटी लेक म्हणून तू माझी भंटी, धाकटी बहीण; लहानपणी मी तुला पाढे शिकवले. गुपितं शिकवल्याचं काही आठवत नाही.

फोन का करत नाहीस ते विचारत नाही. तुमच्या गावात फोन लागतो तो मुरोंगघराच्या, गावच्या सभाघराच्या पायरीवर, आणि त्या पायरीवर सगळी पंचायत तामूल चघळत बसलेली असते. तेव्हा पत्रच बरं. फेरीबोटीवरचा तिकीटबाबू माझा जुना विद्यार्थी आहे. त्याला रामाची विभक्ती कधी आली नाही, पण पत्र मात्र बिनचूक पोचवतो.

आता डुकरांविषयी. आपण मिसिंग जमातीची माणसं. खांबांवरच्या घरात वर आपण आणि घराखाली डुकरं, असंच वाढलो. पुढे मी संस्कृताच्या नादी लागलो आणि डुकराशी माझा संबंध ताटापुरता आणि वराह अवतारापुरता उरला. शाळेतले माझे ब्राह्मण सहकारी यातला दुसराच तेवढा मान्य करतात. तरी तुझ्यासाठी वैद्यकाचे ग्रंथ उघडले. रक्त पडत असेल तर रक्तातिसार, नुसती आव असेल तर प्रवाहिका. रोगाला संस्कृत नाव सापडलं की आम्ही पंडित तो बरा झाला असंच धरून चालतो. डुकरांना ही सवय नाही, म्हणून नीट लिही: ताप आहे का, कान लाल होतात का, खातात का, मरतात का?

तिकीटबाबू म्हणाला, तुमच्या शेजारच्या सेउतीची नवी सून माहेराहून दोन पिल्लं घेऊन आली आणि त्यांच्या पाठोपाठ हे सुरू झालं. प्रत्येक सून माहेरचं काही ना काही आणतेच. बहुतेक जणी जीभ आणतात, हिनं जुलाब आणले म्हणायचे!

माझी अरुंधती कशी आहे? एवढ्या डुकरिणीत नाव मी एकीलाच ठेवलं होतं, म्हणून विचारतो. सासूबाईंना सेवा सांग. जावईबापूंचं केरळहून पत्र असतं का?

तुझा,
टंकेश्वर ककाइदेउ

*

माजुली, ९ एप्रिल

पूज्य ककाइदेउ, सेवा घ्या.

तुम्ही विचारलंत ते सांगते. शेण पातळ पडतं, राखाडी. मग त्यात शेंबडासारखी आव आणि रक्ताच्या रेघा. बिहूजवळ वाढीला लागलेली पिल्लं असतात ना, त्यांना जास्त. पाठ वाकते, कुशी आत जातात, शेपटीखालचं सगळं बरबटतं. खातात, पण अंगी लागत नाही. ताप असला तर थोडा. कान लाल नाहीत. पटापट मरत नाहीत, वाळत जातात. आमच्या चारांतलं एक गेलं.

गावात कुणी कुणाला सांगत नाही. ज्याच्या त्याच्या घराखाली आता चटई टांगलेली. 'काय गं, चटई कशाला?' म्हटलं की 'ऊन लागतं डुकरांना.' चैतातलं ऊन, तेही घराखाली! मीही टांगली आहे. दोन वर्षांमागं तो परदेशी ताप आला तेव्हा पांढऱ्या झग्यातली माणसं उतरली, खड्डे खणले आणि आजारी-बरी न बघता गावातलं एकूण एक डुक्कर पुरलं, ते कुणी विसरलेलं नाही. पुन्हा डुकरं उभी करायला आम्हाला किती सोसावं लागलं! आता रक्त दिसलं की माणसं आधी रस्त्याकडे बघतात, झगेवाले येतायत का, मग डुकराकडे.

सेउतीच्या सुनेचं नाव तरुलता. आजार पहिल्यांदा दिसला तो तिच्या पिल्लांतच, हे खरं. आमच्या मुखियानं, गांवबुढ्यानं, तिच्या नवऱ्याला, बुबुलला, ती दोन्ही पिल्लं पलीकडच्या चरावर, नदीतल्या बेटावर, वाळूत सोडून यायला लावलं. ती नावेपर्यंत मागं धावली. 'आमच्याकडे कुणाचं डुक्कर आजारी नाही, विचारून या!' असं ओरडत होती. विचारायला कुणी गेलं नाही.

अरुंधती नाही आता. फागुनाच्या शेवटी गावाचा दोबूर होता. इडापिडा टळावी म्हणून द्यायची डुकरीण यंदा आमच्याकडून गेली. तिथंच वेशीवर रांधून खायचं, घरी काही आणायचं नाही, हा नेम तुम्हाला ठाऊकच आहे. पण ऐन वेळी वादळ उठलं, चूल पेटेना. मग गांवबुढा म्हणाला, वाटे करा नि घरोघर न्या. तसं केलं.

झगेवाल्यांना न कळता काही औषध असेल तर बघा.

तुमची,
पदुमी

*

जोरहाट, १६ एप्रिल

स्नेहाची भंटी,

बिहूचा पिठा खाऊन, पोट धरून, पशुवैद्य बरकटकी बाइदेउंकडे गेलो. बाई वयानं माझ्याएवढ्या, आवाजानं माझ्या दुप्पट. माझं पोट बघून म्हणाल्या, "माणसांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत." मी म्हटलं, "डुकरांसाठी आलोय." त्या म्हणाल्या, "मग बसा."

तुझं पत्र वाचून दाखवलं, गाव आणि नावं गाळून. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच तोंडचं लिहितो: "हा तो परदेशी ताप दिसत नाही. त्या तापात डुकरं चार-सहा दिवसांत लाल होऊन पटापट जातात. ही वाळतायत. ही आव आहे, जंतूंची. याला औषध आहे, यात डुकरं पुरत नाहीत. पण मला शेण बघायला हवं. पत्रावरून मी कविता तपासते, रोग नाही."

भंटी, 'पुरत नाहीत' हे शब्द मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. घरोघर सांग, चटया काढा.

जंतू शेणातून निघतो आणि तोंडावाटे शिरतो. अनवाणी पायांनी, बादलीनं, उंदरानं, ओल्यातून तो पुढं सरकतो. कोरड्यात आणि उन्हात मरतो. ओल्या शेणात आठवड्यामागून आठवडे मजेत राहतो. तेव्हा नमुना पाठव: ताजं शेण, स्वच्छ बाटलीत, बर्फात.

तरुलताच्या माहेरची डुकरं ठणठणीत आहेत हे ऐकून बाइदेउ म्हणाल्या, "मग त्या पिल्लांनी रोग आणला नाही, त्यांना तो इथं मिळाला. लांबून आलेली, दमलेली, कोवळी. पहिली पडणार तीच." माझा तो जुलाबाचा विनोद फाडून टाक. मलाच ओशाळायला होतंय.

आणखी एक त्यांनी विचारलं, तेही लिहितो: "गावात अलीकडे आजारी पडून आपोआप बरं झालेलं डुक्कर कुठलं? लोक अशाला भाग्याचं म्हणतात. मी आधी त्यालाच धरते. बरं दिसतं, खातं, गुबगुबीत होतं, आणि महिनोन्महिने शेणातून जंतू वाटत फिरतं." असा कुणी दानशूर जीव तुमच्याकडे आहे का? चौकशी कर.

तुझा,
ककाइदेउ

*

माजुली, २० एप्रिल

पूज्य ककाइदेउ, सेवा.

थर्मासात बाटली आहे. तिकीटबाबूनं 'काय आहे?' विचारलं. मी म्हटलं, सरांसाठी चहा. त्याला झाकण उघडू देऊ नका.

तुम्ही म्हणता तसं आजारी पडून बरं झालेलं डुक्कर इथं कुणाचं ऐकलं नाही.

चटया निघाल्या नाहीत. 'पुरत नाहीत' म्हणून सांगितलं तर सासू म्हणाली, "मागच्या खेपेलाही आधी असंच म्हणाले होते." बाजारातून लोक पुड्या आणतात, एक दिवस देतात, शेण घट्ट झालं की उरलेली पुडी कोंबड्यांना.

तरुलताला परवा माहेरी धाडलं. सेउतीनं हाताला धरून काढलं असं नाही, पण पायरीखाली तिचं गाठोडं ठेवलं. बुबुल जाळं विणत बसला होता, तो विणतच राहिला.

नदी अजून खाली आहे. पण आषाढात चढली की सगळ्या गावांची डुकरं बांधावर एकत्र येतात. तेव्हा काय होईल?

पदुमी

*

जोरहाट, २९ एप्रिल

स्नेहाची भंटी,

थर्मास परत पाठवत नाही. तुझी वहिनी म्हणते, तो आता कुणाच्या चहाला लावलास तर मी माहेरी जाईन.

निदान झालं. बाइदेउंनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. मळसूत्रासारखा पीळ असलेला, लांबट, सारखा वळवळणारा प्राणी. आवच आहे. पुढं नमुन्यातले जंतू वाढवूनही बघतायत. औषध पाण्यातून द्यायचं, सलग, मध्येच शेण घट्ट झालं म्हणून बंद करायचं नाही, आणि औषध चालू असलेलं डुक्कर मारून खायचं नाही. सगळ्या घरांनी एकाच वेळी सुरू करायचं, नाही तर बरं झालेलं शेजाऱ्याकडून पुन्हा घेतं. शेण रोज खरवडून लांब खड्ड्यात टाकायचं. गोठा घासायचा, चुना मारायचा, वाळवायचा. गोठ्यात शिरताना पाय चुन्याच्या पाण्यात बुडवायचे. कोठाराखालच्या उंदरांचा बंदोबस्त. गणपतीचं वाहन असलं तरी या बाबतीत त्याची रदबदली चालणार नाही. नदी चढायच्या आत ना नवं डुक्कर आत, ना जुनं बाहेर. गावानं बोलावलं तर बाइदेउ स्वतः फेरीनं येतील.

हे सगळं टिपून घेऊन मी निघालो होतो. दारात त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, "मास्तर, एक कळत नाही. ही आव एका गोठ्यातून शेजारच्या गोठ्यात, तिथून पुढच्या, अशी सावकाश चालत जाते. तुमच्या पत्रावरून ही सगळ्या घरांत एकदम उतरली. त्या सुमारास प्रत्येक घरात एकच वस्तू कुठली गेली?"

मी म्हटलं, "निवडणुकीची पत्रकं."

त्या हसल्या. मीही हसलो आणि रस्त्याला लागलो. पुलापर्यंत आलो आणि मला तुमचं वादळ आठवलं. वाटे घरी नेले. आतडी धुवायची तर आपण कुठं धुतो? चुलीजवळ, बांबूच्या तक्तपोशीवर. पाणी फटींतून खाली जातं. आणि खाली काय असतं ते आपण मिसिंग माणसांनी कुणाला सांगायला नको.

पण धुतल्या पाण्यात जंतू असायला डुकरीण आजारी हवी. दोबूरला आजारी डुकरीण कुणी देत नाही.

भंटी, पुढं मी काही लिहीत नाही. तू लिही.

ककाइदेउ

*

माजुली, ५ मे

ककाइदेउ,

माघात अरुंधतीला रक्त पडलं.

सासू उठायच्या आत मी खाली उतरायची, शेण उचलून नदीत टाकायची, राख पसरायची. पेरूच्या कोवळ्या पानांचा काढा दिला, भाताची पेज दिली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर झगेवाले आले असते आणि माझ्या एकीपायी सगळ्या गावाची पुरली असती, असंच वाटलं. खरं सांगते, तेव्हा मी गावालाच वाचवत होते. मग ती बरी झाली. इतकी भरली की लोक पायरीशी थांबून बघायचे.

फागुनात गांवबुढा आला. 'दोबूरला निर्दोष डुकरीण हवी. तुझ्याएवढी तेजस्वी गावात कुणाची नाही,' म्हणाला. मी म्हटलं, 'पुढच्या साली देते.' तो म्हणाला, 'पुढच्या साली नदी आपल्याला ठेवते की नाही कुणी पाहिलंय?' सासू आतून म्हणाली, 'दे की गं, मान आहे.' नाही म्हणायला कारण हवं होतं. माझ्याजवळ खरं एकच कारण होतं.

वाटे घरी न्यायचं ठरलं तेव्हा आतडी वेगळी पानात बांधून मीच घरोघर पोचवली. वाटे समान व्हायला हवेत ना. तरुलतानं माझ्या हातून घेतली. लग्नानंतरचा तिचा पहिला वाटा, म्हणून सेउतीनं तिला पुढं केलं होतं. ती वाकून माझ्या पाया पडली.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'कुणाचं ऐकलं नाही' असं लिहिलं. ऐकलं नव्हतं हे खरंच होतं.

आता काय करू? नुसता आजार असता तर एक गोष्ट. देवाच्या कामाला खोटी डुकरीण दिली, हे ऐकलं तर मला वाळीत टाकतील. नवरा तिकडे, घरी म्हातारी. तुम्ही या ना. सांगा की बाजारातून आलं, पाण्यातून आलं. थोडं संस्कृतात सांगा. तुमचं सगळे ऐकतात.

पदुमी

*

जोरहाट, ९ मे

भंटी,

संस्कृतात खोटं बोलणं मला जड नाही. शाळेच्या दरेक वार्षिकोत्सवात पाहुण्यांची स्तुती मीच करतो. त्यामुळे नाही म्हणतोय ते अडाणीपणानं नाही हे लक्षात घे.

रागावलो नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही राखच पसरली असती, वर एखादा श्लोक म्हटला असता.

आपल्या पूर्वजांनी मांस घरी नेऊ नका म्हटलं ते जंतूंना भिऊन नाही, भुतांना भिऊन. तेव्हा 'नेम मोडला म्हणून झालं' असं म्हणून गांवबुढ्याच्या अंगावरही ढकलू नकोस. तो भुकेल्या, भिजलेल्या माणसांचा विचार करत होता. तूही गावाचाच करत होतीस. सगळे एकमेकांचा विचार करत होते आणि वाळूत सोडली गेली ती परक्या गावची पिल्लं.

एक वेगळं करून सांगतो, कारण तुझ्या पत्रात ते एकात एक मिसळलंय. औषध सुरू करायला तुझं खरं लागत नाही. डुकरं कुठून आजारी पडली हे न कळताही बरी होतील. बाइदेउंना मी काही सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. त्या हुशार आहेत. गावानं नुसतं बोलावलं तरी पुरे. हवं तर तू गप्प राहा, आजार जाईल, नदी चढेल, सगळं धुऊन निघेल.

तुझं खरं डुकरांना लागत नाही. तरुलताला लागतं.

मी येऊन तुझ्या शेजारी बसेन, हाक मारलीस तर. तुझ्याऐवजी बोलणार नाही.

ककाइदेउ

*

माजुली, २९ मे

पूज्य ककाइदेउ, सेवा.

इतके दिवस पत्र नाही, तुम्ही काय ते समजला असाल. मी गप्प बसले होते.

गांवबुढ्यानं बोलावणं धाडलं आणि बरकटकी बाइदेउ आल्या. गांवबुढ्यानं त्यांच्याकडे झगा आहे का ते आधी नावेत डोकावून पाहिलं. मग त्यांनी पहिल्याच घरात शेणात बसकण मारली, तेव्हा लोकांचा विश्वास बसला. चटया उतरल्या. चुना आला, औषध आलं. पाण्यात औषध मिसळून सगळ्या घरांत बादली फिरवायचं काम मी मागून घेतलं. चुकवायचा दिवस नाही, एक घर गाळायचं नाही. शेण घट्ट झालं, रक्त थांबलं, पाठी सरळ झाल्या. बायका म्हणायच्या, 'पदुमी होती म्हणून.' मी ऐकून घ्यायची. ककाइदेउ, ते सगळ्यात वाईट होतं.

मुरोंगघरात सभा भरली. गांवबुढा म्हणाला, "औषध लागू पडलं, आता नदी चढायच्या आत पुन्हा एक दोबूर घालू. राहिलंसाहिलं जाईल. या खेपेला मांस घरी नाही."

"डुकरीण कुणाची?"

"पदुमीचीच घ्या. तिची दुसरी आहे. तिच्या हाताला यश आहे."

मी म्हटलं, "माझी नको."

"का गं? मान नको झाला?"

"मागची आजारी होती."

कुणीतरी हसलं. "कोण, अरुंधती? भोपळ्यासारखी होती ती!"

"माघात रक्त पडत होतं. मी लपवलं. बरी झाली असं वाटलं. आतडी मीच वाटली. तिथूनच सगळीकडे गेलं. बाइदेउ सांगतात, बरं झालेलंच पसरवतं."

हसणारा थांबला. बाहेर कुणाचं तरी डुक्कर चिखलात फुरफुरत होतं. मग सेउती म्हणाली, "मग माझी सून?"

ती पुन्हा म्हणाली, "मी तिचं गाठोडं बांधलं. माझ्या हातांनी. मग माझी सून?"

मग सगळेच बोलू लागले. एक म्हणाला, देवाची फसवणूक केली, वाळीत टाका. दुसरा म्हणाला, घर पाडा. गांवबुढा कपाळाला हात लावून बसला होता. शेवटी म्हणाला, "वाळीत टाकलं तर औषधाची बादली कोण फिरवणार? अजून संपलेलं नाही." कुणीतरी 'दंड डुकराचा घ्या' म्हणालं. तर तो म्हणाला, "डुक्कर गावात आणायचं नाही असं डॉक्टरीण सांगून गेलीय. दंड तरी कशात घेऊ?" इतक्यात माझी सासू उठली. ती सभेला कधी बोलत नाही. म्हणाली, "माघात मलाही वास आला होता. ही खाली धुवायची, मी वर झोपल्याचं सोंग घ्यायची. दंड दोघींना करा."

मला हे तेव्हाच कळलं. एका चुलीवर जेवतो आम्ही.

निवाडा झाला तो असा. माझा गोठा पूर्ण रिकामा करायचा. औषध संपून त्याचा अंश अंगातून जायची मुदत झाली की उरलेली कापली जातील, नवं डुक्कर मी सगळ्यांच्या मागून आणायचं. सेउतीचा गोठा तरुलताच्या पिल्लांनंतर रिकामाच आहे. तो खरवडून, चुना लावून, कोरडा करून मी द्यायचा, माझ्या हातांनी. आणि तरुलताला आणायला सेउतीबरोबर मी जायचं.

काल गेलो. सुबनशिरी नदीपलीकडे तिचं गाव. ती घराखाली मागावर बसली होती. आम्हाला पाहिलं आणि हात न थांबवता म्हणाली, "तिथंच थांबा. आमची डुकरं बरी आहेत."

आम्ही उन्हात उभ्या राहिलो. तिच्या आईनं चुन्याची बादली आणून आमच्यापुढं ठेवली. बरकटकी बाइदेउंचं सांगणं त्यांच्याही गावात पोचलं होतं. आम्ही पाय बुडवले. तरी 'या' कुणी म्हटलं नाही.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, धोटा इकडून तिकडे जात होता. सांगून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही गावासमोर खरं बोललात म्हणे."

"हो."

"पिल्लं वाळूत सोडायला नेत होते तेव्हा मीही खरंच बोलत होते."

सेउती रडायला लागली. "चल गं घरी. चुकलं आमचं."

"बुबुल कुठंय?"

"तो... जाळी टाकायला गेलाय."

"मग त्याला अजून काही कळलेलं नाही," ती म्हणाली आणि धोटा पुढं टाकला. आम्ही निघायला वळलो तेव्हा तिनं हात थांबवला. "येणारच नाही असं नाही म्हणत. पण रिकाम्या हातांनी येणार नाही. दोन पिल्लं घेऊन येईन, मागच्यासारखीच. आणि तुमच्या ओल्या गोठ्यात ती मी मरू देणार नाही. गोठा कोरडा झाला की कळवा. बुबुलला म्हणावं, घ्यायला त्यानं यायचं."

तुमची,
पदुमी

*

जोरहाट, ३ जून

भंटी,

तुझं पत्र बरकटकी बाइदेउंना यावेळी नावांसकट वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि कामाचं सांगितलं: घासणं हे निम्मं काम. ओला गोठा कितीही चकचकीत असो, तो घाण समज. खांबांच्या बुडाशी, कुंपणाच्या बांबूंच्या पेरांत, जमिनीच्या भेगांत शेण राहतं. तिथला कण अन् कण काढ, चुना दे, मग उन्हाला त्याचं काम करू दे. घाई करू नको. आणि सेउतीच्या कोठारातले उंदीर विसरू नको.

बुबुल काल इथं आला होता. तिला एक पत्र लिहून द्या म्हणाला, चांगल्या शब्दांत. मी म्हटलं, चांगले शब्द माझ्याजवळ पुष्कळ आहेत, पण ते तिला माझे म्हणून ओळखू येतील. चहा पाजून परत पाठवला. चहा नव्या थर्मासातला होता.

नदीच्या बातम्या बऱ्या नाहीत. अरुणाचलात पाऊस लागलाय.

तुझा,
टंकेश्वर ककाइदेउ

*

माजुली, १० जून

पूज्य ककाइदेउ, सेवा.

बुबुल परवा स्वतःच गेला. तिनं त्यालाही चुन्यात पाय बुडवायला लावले आणि मग वर घेतला. अजून परतलेला नाही. पोरं 'घरजावई, घरजावई' करून सेउतीला चिडवतात. ती म्हणते, 'करा, करा, तेवढीच ब्याद टळली.' पण रोज घाटावर जाऊन बघून येते.

सेउतीचा गोठा संपत आलाय. कुंपणाचे जुने बांबू काढून जाळले, नवे लावले. वरची माती वीतभर खणून टाकली, नवी भरली. चुना दोनदा दिला. तक्तपोशीवर आता सेउती पाणी सांडत नाही, भांडी नदीवर नेते. माझ्याशी बोलत नाही, पण दुपारी एक वाटी आपोंग, तांदळाची घरची दारू, खांबाशी ठेवून जाते. मी पिते, वाटी धुऊन तिथंच ठेवते.

नदी घाटाच्या खालच्या पायरीला लागली आहे. चढली तर सगळं पुन्हा भिजेल आणि मग शरदापर्यंत काही खरं नाही. गांवबुढा येऊन जमीन बघून गेला. 'झालं की कोरडं. कळव तिला आजच, पाण्याच्या आत येऊ दे,' म्हणाला. सासूही तेच म्हणते. सगळ्यांना घाई झाली आहे.

मी रोज सकाळी तिथं खाली जाऊन तळहात जमिनीवर दाबून धरते. खांबाच्या बुडाशी, कोपऱ्यात, जिथं छताची सावली राहते तिथं. आज हाताला काहीच लागलं नाही. नुसती धूळ.

तरी निरोप धाडला नाही. त्या कोपऱ्याला अजून एक ऊन खाऊ दे.

तुमची,
पदुमी